भिंगरीचे पाय आणि माझी फरशी

४ डिसेंबर

माणसं किती घाणेरडी असतात हे बघायचं असेल तर आमच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक सकाळ उभं राहावं. हॉटेलांच्या चादरी येतात, दवाखान्यांचे टॉवेल येतात, मेजवान्यांचे टेबलक्लॉथ येतात आणि मी ते निवडते. डागवाले एका ढिगात, बिनडागाचे दुसऱ्या ढिगात. दुसरा ढीग कधीच मोठा होत नाही. आज एका उशीच्या अभ्र्यात अर्धं खाल्लेलं उकडलेलं अंडं निघालं. खाणारा आता कुठेतरी टाय लावून चारचौघांत शहाणपण सांगत असेल.

हे जेवताना सांगितलं तर धाकटा म्हणाला, "ताई, घास तरी गिळू दे." भावजय ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. धाकटा म्हणजे माझा भाऊ, यंत्रं त्याच्याकडे. भावजय इस्त्री बघते. दोघांनाही माझं ऐकायचं नसतं, म्हणून आजपासून लिहायचं ठरवलं. वहीला तरी ओकारी येणार नाही.

आता मांजराबद्दल. नाव भिंगरी, ठेवलं धाकट्याने, कारण बया एका जागी टिकत नाही. मागे एका थंडीत गरम हवेच्या नळीशेजारच्या फटीतून आत आली आणि मोठ्या ड्रायरच्या डोक्यावर जाऊन बसली. आदल्या संध्याकाळची ऊब सकाळपर्यंत तिथे टिकते, हे तिला न सांगता कळलं. तिथून कपाटावर, कपाटावरून खिडकीत, खिडकीतून परत. जिथे जाईल तिथे केस. पांढऱ्या चादरीवर काळा केस किती लांबून दिसतो ते हॉटेलवाल्यांना विचारा.

लाँड्रीत एकच गोष्ट स्वच्छ असते, ती म्हणजे फरशी, आणि ती मी धुते. यंत्रं सुरू व्हायच्या आधी एकटी खाली येते, बादली भरते, फिनेल टाकते आणि मागच्या भिंतीपासून दारापर्यंत अशी धुते की त्यात तोंड दिसावं. पण बादली खाली टेकायचा अवकाश, भिंगरी ड्रायरवरून धाडकन उडी टाकते, ओल्यावरून घसरत थेट माझ्या पायाशी येते आणि घोटाळत राहते. मागे पावलांची रांग. ती पुसेपर्यंत दुसरी. दिवसभर या बयेला माझ्याशी काही देणंघेणं नसतं. नेमकी फरशी धुताना हिला फिरायचं असतं. मुद्दाम करते.

आज उडी मारल्यावर तिचा मागचा डावा पाय टेकेना. तीन पायांवर आली, पण आलीच. धाकट्याने बघितलं आणि कारखान्यात आग लागल्यासारखा धावला.

६ डिसेंबर

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. गाडी धाकट्याने चालवली म्हणून टोपली माझ्या मांडीवर. मी रबरी हातमोजे घालून बसले, त्यावर तो हसला. हसू दे.

तिथल्या बाकड्यावर एक कुत्रा लाळ गाळत होता आणि त्याचा मालक ती स्वतःच्या बाहीने पुसत होता. त्याच बाहीने मग स्वतःचं नाक. मी सगळा वेळ उभी राहिले.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हात थंड आहेत, बोलणं त्याहून थंड. भिंगरीचा पाय वाकवून, ताणून बघितला. मांजर ओरडलं नाही, नुसतं कान पाडून बसलं.

"ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, असं समजू नका," त्या म्हणाल्या. "मांजरं दुखणं लपवतात. खुब्याचा सांधा आखडलाय. थंडीत सगळ्यांचेच आखडतात. तुमचे नाही का आखडत?"

"माझ्या सांध्यांचं मी बघते," मी म्हणाले.

मग त्यांनी धाकट्याला सांगायला सुरुवात केली आणि तो नव्या नवरदेवासारखा मान डोलावत राहिला. झोपायला उबदार जागा हवी. खेळ रोज हवाच, नाहीतर सांधा गंजतो, पण थोडा थोडा आणि जमिनीवर. ड्रायरवरून उडी बंद, चढाउतरायला पायऱ्या करा. वजन वाढू देऊ नका. नखं कापा. खाण्यात माशाचं तेल. पायाखाली घसरणार नाही असं काहीतरी अंथरा. एवढं सगळं एका मांजरासाठी. आमच्या वडिलांचे गुडघे गेले तेव्हा त्यांना कोणी पायऱ्या करून दिल्या नव्हत्या.

शेवटी माझ्याकडे वळून विचारलं, "फरशी कशाने पुसता?"

"फिनेलने. चांगलं घट्ट घालते."

"आजपासून बंद. मांजर त्यावरून चालतं, मग पाय चाटतं. त्यांच्यासाठी ते विष आहे."

म्हणजे आता स्वच्छतेलाच विष म्हणायचं! बाहेर तो लाळ गाळणारा कुत्रा जाऊन त्याचं डबकं उरलं होतं आणि ते पुसायला कोणी नव्हतं. अशा ठिकाणच्या बाईने मला फरशीबद्दल शिकवावं?

८ डिसेंबर

माशाचं तेल आलं. बाटली उघडली आणि मला वाटलं, ढिगात काहीतरी मेलंय. भावजय चमचाभर तेल खाण्यावर घालते, मांजर ते चाटूनपुसून खातं आणि मग तोच वास तोंडाने सगळीकडे वाटत फिरतं. आज टॉवेलांच्या थप्पीजवळ आलं तर मी अख्खी थप्पी उचलून पलीकडच्या टेबलावर नेली.

फिनेल मी थांबवलं. धाकट्याने बाटल्याच उचलून नेल्या, मग काय करणार. पण फिनेल नाही म्हणून घाणीत राहायचं असं थोडंच आहे? औषध नाही तर पाणी तरी भरपूर. आता एका बादलीच्या जागी दोन ओतते आणि खराट्याने नालीकडे लोटते. दुपारपर्यंत ओल राहते, पण ओल म्हणजे घाण नव्हे.

सकाळी पहिली ओतून दुसरी बादली टेकवली तशी उडी पडलीच. पाण्यात मागचे पाय दोन दिशांना गेले, सावरली, आली. चारी पंजे एकेक करून माझ्यासमोर झटकले. माझ्या पायांवर शिंतोडे.

११ डिसेंबर

धाकट्याने खोक्यांच्या पायऱ्या केल्या. खोक्यांवर जुने टॉवेल ठोकले, सगळ्यात खालचं खोकं अगदी बुटकं. घरात खिळा ठोकायला सांगितला तर याला सणकून कंटाळा येतो. शिवाय कुठूनतरी जुन्या गालिच्याच्या पट्ट्या आणून ड्रायरपासून दारापर्यंत अंथरल्या. "आता घसरणार नाही बघ," म्हणाला.

संध्याकाळी त्या पट्ट्या मी उलटून बघितल्या. केस, धाग्यांचा भुगा, बुटांची माती, तेलाचा एक ठिपका. घाणीला गालिचा अंथरून दिलाय झोपायला. माझ्या अंगावर काटा आला. सगळ्या गोळा करून धुतल्या आणि मागच्या दोरीवर टाकल्या. लोकांचे टॉवेल वाळतात त्या ड्रायरमध्ये मांजराच्या केसांच्या पट्ट्या मी टाकणार नाही, एवढी लाज मला आहे. या थंडीत त्या दोरीवर कधी वाळतील ते देव जाणे.

१५ डिसेंबर

पट्ट्या वाळल्या. धाकट्याने अंथरल्या. दुपारी बघवेना, संध्याकाळी पुन्हा धुतल्या.

"ताई, वाळतात न वाळतात तोच धुतेस," धाकटा म्हणाला.

"मळतात न मळतात तोच धुते," मी म्हणाले.

त्याने हात टेकले. त्याला माहीत आहे, लाँड्रीच्या घरात धुण्याला नाही म्हणता येत नाही.

भावजयेने एका काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधली आहे. दुपारी इस्त्री निवली की ती फरशीवर चिंधी ओढत फिरते आणि भिंगरी तिच्यामागे. दोन मुलांची आई, आणि चिंधी ओढत फिरते. धाकटा टाळ्या वाजवतो. मी पाठ करून चादरी निवडत बसले. एका चादरीवर कोणीतरी बूट पुसले होते.

भावजय आज म्हणाली, "वन्सं, एक कळत नाही. दिवसभर शहाण्यासारखी पायऱ्यांनी चढते, उतरते. खेळते पण छान. पाय सुधारलाय असं वाटतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली येतो तर लंगडतच असते. रात्री काय होतं हिला?"

"तेल बाधत असेल," मी म्हणाले. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

२० डिसेंबर

ताप आला होता, वर पडून होते. वरच्या खोलीत खालच्या यंत्रांची घरघर येते, पण माणसं काय करतात ते कळत नाही, म्हणून जीव नुसता टांगणीला. भावजयेने पेज आणून दिली. वाटीच्या काठावर अंगठ्याचा ठसा होता. पदराने पुसून प्यायले, आजारी होते.

आज उतरले. फरशीची दशा सांगण्यासारखी नाही. धाकट्याने म्हणे कोरडा झाडू फिरवला. झाडू! पट्ट्या जागच्या जागी, वर केसांची लव.

आणि मांजर अगदी ठणठणीत. चारी पाय टेकवून, शेपटी उभी करून फिरत होतं.

"तुम्ही नव्हतात तेवढे दिवस सकाळी खाली उतरलीच नाही," भावजयेने सांगितलं. "ड्रायरवर बसून जिन्याच्या दाराकडे बघत राहायची. आम्ही आलो, खाणं ठेवलं, तेव्हा कुठे सावकाश पायऱ्यांनी उतरायची. आणि बघा, लंगडणं बंद."

म्हणजे मी नसले की हिला बरं वाटतं. सकाळी मी दिसले नाही तर हिला माझी फरशी नासवायची हौसही राहत नाही. इतका आकस मनात धरणारं जनावर मी पाहिलं नाही.

सगळं पुन्हा धुऊन काढलं. अंगात ताकद नव्हती तरी तीन बादल्या ओतल्या.

२२ डिसेंबर

पुन्हा लंगडते आहे. धाकटा जेवला नाही. तोंड पाडून बसला होता, मग म्हणाला, "हिला तिच्या माहेरी देऊ या." तिच्या म्हणजे भावजयेच्या. तिथे घरभर गालिचा आहे, शेगडी असते, भावजयेचे वडील दिवसभर घरीच. रविवारी ते गाडी घेऊन येतील.

"चांगलं आहे," मी म्हणाले. "सुटलो."

खरंच सुटलो. चादरींवर केस नाहीत, तेलाचा वास नाही, पावलांची रांग नाही.

पण त्या घरात कोणी राहावं कसं, हा वेगळा प्रश्न. मी एकदाच गेले होते. गालिचा घरभर आहे खरा, पण तो शेवटचा कधी झटकला ते कोणाला आठवत नव्हतं. म्हाताऱ्याच्या खुर्चीखाली शेंगांची टरफलं. पाण्याच्या भांड्यावर शेवाळं. आणि म्हातारा जेवताना हातातला घास भरवत सुटतो, कुत्रा असो, नातू असो. आठवड्यात त्या मांजराचं पिंप होईल. वजन वाढू देऊ नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते याला कोण सांगणार? मला काय करायचंय म्हणा. पण किळस येते ती येतेच.

२४ डिसेंबर

आज पडली.

नेहमीसारखी खाली आले. पट्ट्या दोरीवर होत्या. दोन बादल्या नळाखालून उचलूनच ओतल्या, तिसरी भरून खाली टेकवली. ड्रायरवर ती आधीच उठून उभी होती, पायऱ्या शेजारीच होत्या, तिने तिकडे बघितलंही नाही. उडी टाकली. मागचे पाय पाण्यात फाकले आणि ती कुशीवर घसरत जाऊन नालीच्या लोखंडी काठावर आपटली. असा आवाज मी मांजराचा कधी ऐकला नव्हता. आणि मग तसाच पाय ओढत उरलेलं अंतर तोडून माझ्यापाशी आली आणि पायाशी आडवी झाली.

मी ओरडले. धाकटा अनवाणी खाली आला आणि तोही घसरला. दाराला धरलं म्हणून वाचला.

हाड मोडलेलं नाही. सांध्याचा बंध ताणलाय. एवढ्या उंचीवरून आणखी एक अशी उडी पडली तर हा पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आता काही दिवस बुटक्या खोक्यात ठेवायची, उचलूनच न्यायची. "पडली कशावर?" त्यांनी विचारलं. धाकट्याने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे. भिंतीवर कोणीतरी नाक पुसलेलं होतं.

परत आल्यावर तो बोलला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"ताई, तू ऐकणार नाहीस. तुझी फरशी काही बदलायची नाही. मग मांजराने तरी जागा बदलावी."

"फरशी धुतली की ओली होणारच," मी म्हणाले.

"हो. म्हणूनच म्हणतो, रविवारी जाऊ दे तिला."

तो गेल्यावर भावजय इस्त्री करता करता म्हणाली, "वन्सं, रागावू नका. ती आमच्यासाठी कधीच उडी मारत नाही. बादली वाजली की मारते."

"माहीत आहे. डाव धरलाय तिने माझ्यावर."

भावजयेने इस्त्री उभी केली. "डाव धरलेलं कोणी असं घाईने येतं का हो? दुखरा पाय घेऊन?"

"काहीतरीच तुझं," मी म्हणाले आणि मागच्या खोलीत निघून गेले. ढीग समोर होता. किती वेळ नुसता हातात अभ्रा धरून बसले होते. कशाचा डाग होता तेही बघितलं नाही.

२५ डिसेंबर

बादली टेकवली. काही झालं नाही.

भिंगरी बॉयलरजवळच्या खोक्यात टॉवेलावर पडून होती. बादली वाजली तशी मान उचलली, पुढचे पाय खोक्याच्या काठावर ठेवले, मागच्यांनी साथ दिली नाही. पुन्हा बसली. माझ्याकडे बघत राहिली.

मी फरशी धुतली. मागच्या भिंतीपासून दारापर्यंत. वळून बघितलं तर एकही ठसा नाही. दोन हिवाळे मी या फरशीसाठी भांडले. तोंड दिसत होतं त्यात, माझं.

शिसारी आली. खराटा टाकून पायरीवर बसले आणि तोंडाला पदर लावला. मला घाणीची किळस येते हे मला माहीत आहे, सगळं घर जाणतं. स्वच्छ फरशीची कशी काय आली?

ती माझ्याकडे यायची. एवढंच होतं ते. रोज सकाळी ती माझ्याकडे यायची आणि मी पाण्याने तिची वाट निसरडी करून ठेवायचे. घरात मी खाली आले म्हणून धावत येणारं दुसरं कोण आहे?

२७ डिसेंबर

पट्ट्या अंथरल्या, मी. दोरीवरून काढल्या, हाताने थापटून बघितल्या, पूर्ण कोरड्या होत्या. खालून रबराचे तुकडे चिकटवले, नाहीतर पट्टीच घसरायची. धाकटा दारात उभा राहून बघत होता. "मदत करू?" म्हणाला. "कात्री दे," मी म्हणाले.

फरशी आता संध्याकाळी धुवायची, सगळे वर गेल्यावर, पिळलेल्या फडक्याने. पट्ट्यांखालची आठवड्यातून एकदा. हे लिहिताना हात आखडतो आहे, पण लिहिते.

भावजयेला सांगितलं, "तुझ्या वडिलांना कळव, यायला नको म्हणावं."

"का हो वन्सं?"

"तुमच्याकडे फार घाण असते."

ती आधी रागाने लाल झाली, मग हसली, मग हसता हसता डोळे पुसले. याच्यात रडण्यासारखं काय होतं?

२ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी कालपासून तिला चालायची परवानगी दिली.

फरशी संध्याकाळवर गेल्यापासून सकाळी लवकर उतरले नव्हते. आज पाण्याशिवाय खाली आले. हात रिकामे, तर तिने नुसतं बघितलं. मी सकाळी अशी येत नाही, तिला काय कळणार. म्हणून परत जाऊन बादली आणली. कोरडीच. दाराजवळ टेकवली.

कान उभे राहिले. खोक्यातून पुढचे पाय काढले, मग हळूच मागचे. पट्टीवर उभी राहून डोलली. पट्टीवर कालचे केस होते, धाग्यांचा भुगा होता, एक सुकलेला माशाचा तुकडाही होता. मला सगळं दिसत होतं. ती त्यावरून यायला लागली, डावा पाय जपत. मला वाटलं, एवढं अंतर हिने का तोडायचं? मी चप्पल काढून ठेवली आणि निम्म्या वाटेवर तिला गाठलं.

खाली बसले, त्या केसांतच. हात लावला. किळस आली. पुन्हा लावला.